कॅमेऱ्याला शिकवणाऱ्या बायका

ज्या कामात हात आणि डोळे अडकलेले असतात आणि तोंड मोकळं असतं, तिथं किस्से साठणारच! आमचं चेकिंग खातं तसलंच होतं. मुरबाडच्या एमआयडीसीत औषधाच्या काचेच्या बाटल्या बनवणारी आमची कंपनी. भट्टीतून निघून गार झालेल्या बाटल्या पट्ट्यावरून एकामागं एक आमच्यासमोर यायच्या. मागं पांढऱ्या उजेडाची काच. आम्ही बायका ओळीनं स्टुलांवर. बाटलीत बुडबुडा दिसला, तडा दिसला, तोंडाला टवका दिसला, की उचलायची आणि रिजेक्टच्या डब्यात टाकायची. डोळे बाटलीवर, आणि तोंडानं कोणाच्या सुनेचं काय, कोणाच्या गाईचं काय, सगळं चालू.

मी शैला. धसईची. बारावी पास आणि तोंडाची फटकळ, म्हणून मला लाईन लीडर केलं. दोन्हीपैकी नक्की कशासाठी केलं ते आमच्या सुपरवायझरला, घरत साहेबांनाच ठाऊक!

आता त्या टेबलावर कोणी बसत नाही. तिथलं काम कॅमेरा करतो. टेबलावर रिकामे खोके रचून ठेवतात. मी अजून त्याच खात्यात आहे, रोज तिथून जाते आणि रोज एखादा किस्सा आठवतो. घरी सांगायला जावं तर पोरं म्हणतात, "आई, हा झाला सांगून!" म्हणून तुम्हाला सांगते. हसू आलं तर खुशाल हसा. मला आता पूर्वीसारखं येत नाही, ते सोडा.

*

माझ्या उजव्या हाताला सुगंधा बसायची. माहेर आटगावचं, सासर इथंच मुरबाडजवळ. नवरा आंब्याच्या झाडावरून पडला तेव्हापासून अंथरुणाला खिळलेला. पोरगी बारावीला, तिला नर्स व्हायचंय. घरात कमावणारी ही एकटी. आणि तरी टेबलावर सगळ्यात मोठ्यानं हसणारी हीच!

आमच्या कामाची डोळ्यांना एक खोड लागते. काच हातात आली की ती उजेडासमोर धरून फिरवायचीच. कळायच्या आत हात वर जातो.

सुगंधाच्या दिरासाठी मुलगी बघायला तिच्या सासरची माणसं आमच्या धसईला आली होती. ओळखीचं घर म्हणून मलाही बोलावलेलं. पाहुणे बसले, पोरगी सरबताचा ट्रे घेऊन आली. लाजत, मान खाली घालून. सुगंधानं ग्लास उचलला आणि थेट ट्यूबलाइटसमोर धरला. फिरवला. काठावर टवका! ग्लास बाजूला. दुसरा उचलला, धरला, फिरवला. त्यात बुडबुडा. तोही बाजूला!

मुलीच्या आईचा चेहरा पडला. "काय कमी राहिलं का हो आमचं?"

सुगंधा आपल्याच नादात. "नाय नाय, तुमचं काय नाय. हे दोन रिजेक्ट!"

मुलीचा बाप उठूनच उभा राहिला! मी मध्ये पडले, आमचं काम काय ते समजावलं, तेव्हा कुठं तो खाली बसला. लग्न झालं, चांगलं झालं. पण त्या घरी सुगंधा गेली की आजही तिला स्टीलच्या पेल्यात सरबत देतात.

*

कॅमेरा येणार ही बातमी आम्हाला कँटीनवाल्याकडून आधी कळली आणि घरत साहेबांकडून नंतर. साहेबांनी सगळ्यांना टेबलापाशी उभं केलं. म्हणाले, "घाबरायचं काय कारण नाय. कोणाची नोकरी जाणार नाय. फक्त थोडी ॲडजस्टमेंट होईल."

माझ्या डाव्या हाताला जनाकाकू बसायची. तिनं हात वर केला.

जनाकाकू वैशाखऱ्याची. माळशेजच्या रस्त्यावरचं गाव, तिथून कंपनीच्या बसनं यायची. आमच्यात वयानं सगळ्यात मोठी. नवरा कधीच गेलेला. घरी मुलगा आणि सून, दोघं वाईट नाहीत, पण बोलत नाहीत. जेवायला वाढायचं, ताट उचलायचं, बास. म्हणून ही तापानं फणफणली तरी कामावर हजर! मी ओरडायचे, "काकू, एक दिवस घरी पडून राहा की." ती म्हणायची, "घरी राहून भिंतीशी बोलू काय गो?" तिला पगारापेक्षा हे टेबल हवं होतं. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

तर काकूनं हात वर केला आणि विचारलं, "साहेब, ॲडजस्ट म्हंजे सरकायचं ना? मग सरकायचं कोनी? आमी, का त्यानं?"

आम्ही खो खो हसलो. साहेबही हसले. हसत हसतच केबिनकडं निघून गेले.

उत्तर हळूहळू कळलं. कॅमेऱ्यापाशी एक स्क्रीन असणार, तिथं दोघीच लागणार. एक लाईन लीडर म्हणून मी. दुसरी, जी परीक्षेत पास होईल ती. बाकीच्यांनी कंपनीच्या आटगावच्या गोडाऊनला जायचं. मुरबाडहून आधी शहापूर गाठायचं, मग पुढं आटगाव. ज्यांना जमलं त्या तयार झाल्या, काही घरी बसल्या. जनाकाकूला वैशाखऱ्याहून तिकडं जाणं शक्यच नव्हतं. सुगंधाचं माहेर तिथलंच, पण अंथरुणावरच्या नवऱ्याला टाकून दिवसभर एवढ्या लांब कशी राहणार?

म्हणजे राहिल्या दोघी. आणि जागा एक. माझ्या उजव्या हाताची की डाव्या हाताची, एवढाच प्रश्न! मला तर जेवण जाईना.

*

कॅमेरा आला तो दसऱ्याच्या आधी. पुण्याहून रश्मी मॅडम त्याच्याबरोबर आल्या. मॅडम म्हणजे पोरगीच, जीन्स घातलेली, गोड बोलणारी. तिनं मशीन जोडलं, चालवून दाखवलं आणि सणाला घरी गेली.

दसऱ्याला आमच्याकडं सगळ्या मशीनची पूजा होते. भट्टीला हार, पट्ट्याला हार, वजनकाट्याला हार. मग ह्यालाच का वगळायचं? झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, जनाकाकूनं मनोभावे हळदकुंकू लावलं.

सुट्टीनंतर मशीन चालू केलं तर पठ्ठ्या सगळ्याच बाटल्या रिजेक्ट करायला लागला! एक पुढं जाऊ देईना. चांगल्या, वाईट, सगळ्या डब्यात. डबे भरून वाहायला लागले. घरत साहेब फेऱ्या मारायला लागले. रश्मी मॅडम पुण्याहून धावत आल्या, लॅपटॉप जोडला, फोनवर कोणाकोणाशी इंग्रजीत बोलल्या, दिवे बदलले, वायरी बदलल्या. जेवणाची सुट्टी होऊन गेली. काही केल्या समजेना!

शेवटी मॅडम वाकून कॅमेऱ्याच्या अगदी तोंडाशी गेल्या. बोट फिरवलं. बोट लाल.

"हे काय आहे?"

जनाकाकू शांतपणे म्हणाली, "कुंकू. डोळ्यात नाय घातलं मॅडम, डोळ्याच्या वर लावलं. पन त्याला कपाळच नाय, तर ते राहील कुठं? आलं खाली!"

मॅडमला इतकं हसू आलं की त्या खालीच बसल्या. घरत साहेब मात्र हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी भिंतीवर सूचना लागली, कॅमेऱ्याची पूजा करू नये. त्यानंतर काकू लांबूनच हात जोडायची. मी विचारलं, "काय मागता काकू त्याच्याकडं?" तर म्हणाली, "मागायचं काय? नवीन पाहुना, सुखानं नांदू दे म्हनते."

*

मग कॅमेऱ्याची शिकवणी सुरू झाली. मॅडम म्हणाल्या, "ह्याला अजून बारीक खोट कळत नाही. चांगली बाटली कोणती, वाईट कोणती, हे तुम्हीच शिकवायचं." आम्हाला एसीच्या खोलीत बसवलं. इतकी वर्षं ती खोली बाहेरून बघितलेली, आत पहिल्यांदाच! थंडीनं सगळ्या पदर लपेटून बसलेल्या. समोर कॉम्प्युटर, त्यावर बाटल्यांचे फोटो. चांगली असली तर हिरवं, वाईट असली तर लाल. मॅडम माऊस कसा धरायचा ते दाखवून गेल्या.

जनाकाकूसमोर फोटो आला. तिनं मान डावीकडं कलवली, उजवीकडं कलवली. मग पडद्याला हात लावून ढकलायला लागली.

"काकू, काय करताय?"

"फिरव गो हिला. पाठ दिसत नाय."

मी म्हटलं, "काकू, फोटो आहे तो. कसा फिरेल?"

"मग एका बाजूनं बघून कोनाला वाईट कसं म्हनू?"

मॅडमनी येऊन दाखवलं की पुढचा फोटो त्याच बाटलीच्या दुसऱ्या बाजूचा आहे. मग काकूचं समाधान झालं. तरीही प्रत्येक फोटोला मान कलवायचीच. तिचं बघून आम्हीही कलवायला लागलो. साहेबांनी काचेतून बघितलं तर ओळीनं सगळ्या बायका माना वाकड्या करून बसलेल्या!

आठवडाभर हे चाललं. लता म्हणून आमच्यात एक होती, जरा स्पष्ट बोलणारी. एके दिवशी तिचा हात थांबला. म्हणाली, "ताई, म्हंजे आपनच ह्याला शिकवायचं, आन हा शिकला की आपनच जायचं?"

सगळ्यांचे माऊस थांबले. खरंच होतं ते.

जनाकाकू पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "सून घरात आली की सासूनंच चूल दाखवायची असते. मीठ कुठं, तिखट कुठं, सगळं. मग ती म्हनते, आत्या, तुमी बसा आता."

"मग?" लतानं विचारलं.

"मग काय, बसायचं. बसवत नाय, तीच पंचाईत."

आणि हिरवं बटण दाबून तिनं पुढचा फोटो घेतला.

*

लता आटगावला गेली. तिचा हा किस्सा तिनंच मला फोनवर सांगितला. सांगताना आधी ती हसत होती, मग दोघी फोनवरच रडलो.

तिथं गोडाऊनमध्ये कानाला हेडफोन लावून काम असतं. कानात एक बाई हिंदीत सांगते, अमुक रांगेत जा, अमुक माल उचल. आपण तोंडासमोरच्या माइकमध्ये आकडा बोलायचा, मग ती पुढचं सांगते. पहिल्या दिवशी लताला तासभर बसवून तिचा आवाज त्या मशीनला शिकवला. एक, दो, तीन, हां, नहीं. त्या बाईला फक्त लताचाच आवाज कळणार. लता सुरुवातीला तिच्याशी भांडायची. "येते गो बाय, पाय हायत, चाकं नायत!" ती बाई आपली तेच तेच, "फिर से बोलिए."

पुढं लताची आई वारली. दिवसपाणी उरकून लता कामावर आली. हेडफोन लावला, आकडा बोलली. कानात, "फिर से बोलिए." पुन्हा बोलली. "फिर से बोलिए." रडून रडून आवाज बसला होता हो तिचा! मशीनला ओळखच पटेना. रांगेत उभी राहून ती बोलतेय, दो, तीन, दो, तीन, आणि ती बाई ऐकतच नाही. लता तिथंच मोठ्यानं रडायला लागली. तर कानात पुन्हा, "फिर से बोलिए!"

तिथला सुपरवायझर माणूस चांगला. म्हणाला, "बसा ताई, पाणी प्या. आवाज नव्यानं शिकवून घेऊ." मग त्या बसलेल्या घशानं लता पुन्हा बोलली, एक, दो, तीन, हां, नहीं. मशीननं लगेच ओळखलं. काम सुरू झालं.

पंधरा दिवसांनी तिचा घसा मोकळा झाला. सकाळी हेडफोन लावला, आकडा बोलली. "फिर से बोलिए."

लता मला म्हणाली, "शैलाताई, त्या मेलीनं माझं रडनंच पाठ केलं गो! आता मी बरी झाले तर मला ओळखत नाय."

*

इकडं परीक्षेची तयारी सुरू झाली. परीक्षा टचस्क्रीनवर. आणि जनाकाकूचं बोट टचस्क्रीनला लागेना!

म्हणजे लागायचं, पण स्क्रीन दाद देईना. जन्मभर भाताची लावणी, नाचणीची खुरपणी, जात्याचा खुंटा, आणि मग काच. तिच्या बोटांची कातडी वाळून टणक झालेली. ती दाबायची, जोरात दाबायची, मग आपटायची. बाजूला सुगंधा नुसतं बोट टेकवायची आणि पान पुढं जायचं.

"रेशनच्या दुकानात बी माझा अंगठा उठत नाय," काकू म्हणाली. "त्याला वाटतं, ही बाई दुसरीच कोन तरी हाय."

म्हटलं, आता हिचं कसं व्हायचं? बटणं कुठली ते तिला पाठ होतं, डोळे तर तेजच. पण बोटच चालेना, तर परीक्षा देणार कशी?

दुसऱ्या दिवशी सुगंधानं घरून एक बुटकी डबी आणली. त्यात ओल्या फडक्याची घडी. म्हणाली, "काकू, आधी ह्याला बोट लावा, मग स्क्रीनला." काकूनं लावलं. पान पुढं गेलं! काकूनं पुन्हा लावलं. पुन्हा गेलं! ती लहान पोरीसारखी टाळ्या पिटायला लागली. मग रोज जेवणाच्या सुट्टीत सुगंधा तिला घेऊन बसायची. मॅडमची परवानगी होतीच.

मला राहवलं नाही. सुगंधाला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं आणि झापलं. "अगं ए शहाणे! एक जागा आहे, एक! तुझ्या घरात चूल पेटते ती तुझ्या एकटीवर. आणि तू तिलाच शिकवतेस?"

सुगंधा म्हणाली, "ताई, ती बोट आपटत बसते ना, मला बघवत नाय."

"आणि पोरीच्या कॉलेजचं?"

तिनं बाटली भरून घेतली आणि गेली. मला तिचा राग आला. तिचा, साहेबांचा, त्या डबीचासुद्धा! आणि मनात कुठंतरी असंही वाटलं की काकूचं बोट चाललं ते बरंच झालं. सांगा, आता कोणाच्या बाजूनं प्रार्थना करायची माणसानं?

*

काकूला वाचता येत नव्हतं. तिनं सगळं जागेवरून पाठ केलेलं. उजवीकडं बरी, डावीकडं वाईट, वर कोपऱ्यात पुढं जायचं. इतकं पक्कं की डोळे मिटून सांगावं.

एके सकाळी आली, फडक्याला बोट लावलं, स्क्रीनला टेकवलं, तर सगळं भलतंच! उजवीकडं काहीच नाही. हिरवं खाली गेलेलं, लाल वर. काकू घाबरली. तिला वाटलं आपणच काहीतरी मोडलं. हळूच स्क्रीन पदरानं पुसली, मागं सरकून बसली आणि कोणाला न सांगता गप्प राहिली. मॅडम आल्या तेव्हा काकूच्या डोळ्यांत पाणी.

"काकू, तुम्ही काही नाही केलं! अपडेट आलाय."

"कोन आलाय?"

"नवीन रचना आली आहे. बटणांच्या जागा बदलल्यात."

तेव्हा मात्र काकू भडकली. तिला भडकलेली मी पहिल्यांदाच बघितली. "मग सांगायचं नाय का? आंधळ्याच्या घरातली चूल सरकवली तर त्याला सांगून सरकवतात ना! का तो भाजंपर्यंत वाट बघतात?"

मॅडम रडवेल्या झाल्या. म्हणाल्या, "मलासुद्धा कोणी सांगितलं नव्हतं काकू. मलाही आत्ताच कळलं."

काकूचा राग तिथंच विरला. तिनं मॅडमच्या पाठीवरून हात फिरवला. "मग तू बी आमच्यातलीच म्हनायची," म्हणाली, आणि नव्यानं पाठ करायला बसली. खाली बरी, वर वाईट. जेवताना, बसची वाट बघताना, तोंडानं तेच. खाली बरी, वर वाईट. आठ-दहा दिवसांत तिला ते आधीपेक्षा पक्कं येऊ लागलं. सरावात ती सुगंधाच्या पुढं जायला लागली. एकही बाटली चुकेना! मॅडम म्हणाल्या, "काकू तर पास होणार."

सुगंधानं ते ऐकलं. हसली. "शिकवनारी कोन हाय!" म्हणाली. पण त्या दिवशी तिनं डबा उघडला नाही. काकूनं ते बघितलं, मीही बघितलं.

*

परीक्षेचा दिवस. आत एसीच्या खोलीत रश्मी मॅडम, घरत साहेब आणि लाईन लीडर म्हणून मी. एकेकीनं आत यायचं. पडद्यावर फोटो येणार, हिरवं किंवा लाल दाबायचं. बरोबर-चूक मशीनच मोजणार.

आधी सुगंधा आली. सुरुवात चांगली केली. मग मध्येच एक तडा तिला स्पष्ट दिसला, आणि घाईत बोट हिरव्यावर पडलं. पडलं ते पडलं! तिथून ती ढासळली. सरळसोट चांगली बाटली तिनं वाईट म्हणून दाबली. मला सगळं दिसत होतं आणि बोलायची सोय नव्हती. बोलले असते तर तिचंच नाव कापलं असतं. शेवटी मॅडमनी निकाल बघितला आणि हळू आवाजात साहेबांना म्हणाल्या, "जेमतेम आहे. काकूंनी हिच्यापेक्षा चांगलं केलं तर..."

काकूला बोलवायला मी दार उघडलं. सुगंधा माझ्यामागून बाहेर पडली आणि भिंतीला टेकून खालीच बसली. "चुकलं ताई. गेलं सगळं," एवढंच म्हणाली. तिथं बाकावर जनाकाकू ओल्या फडक्याची डबी मांडीवर घेऊन बसली होती. ती उठली, सुगंधाच्या डोक्यावर हात ठेवला. साडी नीट केली आणि आत आली.

खुर्चीवर बसली, डबी शेजारी ठेवली. फडक्याला बोट लावलं. फोटो आला. काकूनं मान डावीकडं कलवली, उजवीकडं कलवली. हिरवं.

दुसरा आला. मान कलवली. हिरवं.

तिसऱ्यात धडधडीत तडा होता. मला दारातून दिसला. काकूनं नीट बघितला, मान कलवून बघितला. हिरवं!

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी साहेबांकडं. साहेब जागेवरून उठले. बुडबुड्याची आली, हिरवं. टवक्याची आली, हिरवं. एकही घाई नाही, एकही बोट चुकलं नाही. दर वेळी फडक्याला टेकवायचं, मान कलवायची, आणि हिरवं. "काकू!" म्हणून ओरडावंसं वाटत होतं. तोंड दाबून उभी राहिले. डोळ्यांतून घळाघळा पाणी, पुसायचंही भान नाही.

शेवटी एक फोटो आला. त्या बाटलीला मानच नव्हती. पार तुटलेली. रस्त्यावरून जाणाऱ्यानंही सांगितलं असतं, लाल! काकूनं ती बराच वेळ बघितली. मग फडक्याला बोट लावलं आणि हिरवं दाबलं.

मॅडमना राहवलं नाही. त्या खुर्चीपाशी गेल्या, खाली वाकून म्हणाल्या, "काकू, नीट बघा ना. हिला तर मानच नाही!"

जनाकाकूनं डबीचं झाकण लावलं, पदरानं स्क्रीन पुसली आणि उठता उठता म्हणाली,

"नसू दे गो पोरी. बाकी बरी हाय."